तळघरातले त्रेपन्न पॉइंट

“पॉइंट कुठे पाहिजेत ते भिंतीवर खडूने काढून ठेवा,” तळघराच्या मधोमध उभा राहून वायरमन म्हणाला. “गोल म्हणजे दिवा, फुली म्हणजे प्लग, चौकोन म्हणजे बटणांचा बोर्ड. आणि प्रत्येक भिंतीखाली सही. तोंडी सांगितलेलं मी ऐकत नाही.”

प्रूफवाचकाला हा माणूस जागच्या जागी आवडला. सगळं लेखी मागणारा कारागीर त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. वायरमनने कारणही सांगून टाकलं. मागच्या एका घरात नवरा म्हणाला डावीकडे, बायको म्हणाली उजवीकडे आणि म्हातारा खाटेवरून म्हणाला, दिवा हवाय कशाला. एकच भिंत तीनदा फोडावी लागली. तेव्हापासून त्याने कान बंद करून टाकले होते. मंगळवारी येतो म्हणाला आणि खडूचा तुकडा प्रूफवाचकाच्या तळहातावर ठेवून जिना चढून गेला.

तीस वर्षं प्रूफवाचक एकाच छापखान्यात प्रुफं वाचत होता. कथा-कादंबऱ्या नव्हेत. औषधाच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला असतो ना, तो कागद. डॉक्टर तो वाचत नाही, रोगी वाचत नाही, दुकानदार तर नाहीच नाही. जगात तो एकटाच तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचा, आणि अक्षरं असायची मुंगीच्या पायाएवढी. आता छापखान्याने वाचकांची खोली बंद करायचं ठरवलं होतं. एक तारखेपासून प्रुफं घरी न्यायची, घरी वाचायची. त्यातच गेल्या वर्षभरात त्याच्या हातून दोन चुका सुटल्या होत्या. एकीत लहान मुलांचा डोस मोठ्यांच्या ओळीत गेला होता, दुसरीत ‘थंड जागी ठेवा’ हे वाक्य सलग दोनदा छापलं गेलं होतं. व्यवस्थापकाने समोर बसवून, आवाज न चढवता सांगितलं होतं की तिसरी चूक सुटली की नोकरीही सुटली. वय पंचावन्न. दुसरं काही येत नाही.

वरच्या घरात वाचणं म्हणजे वरातीत उभं राहून सुईत दोरा ओवणं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, माणसं पाच. बायको घरीच कपडे शिवायची आणि तिचं मशीन सकाळी आठला सुरू व्हायचं. मुलगी फोन उभा करून त्याच्यासमोर उड्या मारायची. पलीकडे कुठल्या कुठल्या गावच्या बायका तिचं बघून उड्या मारायच्या, आणि हा तिचा धंदा होता. मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, तात्पुरता म्हणून आला होता त्याला सहा वर्षं झाली होती. आणि सासूबाई खिडकीपाशी बसून सगळ्यांशी बोलायच्या. समोर कोणी नसलं तरीही.

म्हणून तळघर. मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या आणि दोन सायकलींचे सांगाडे उपसून त्याने ते मोकळं केलं होतं. खाली खिडकी नव्हती, पण आवाजही नव्हता. कोपऱ्यात टेबल येणार होतं. डाव्या खांद्यावरून उजेड पडला पाहिजे, म्हणजे लिहित्या हाताची सावली कागदावर येत नाही; तेव्हा तिथे एक गोल. टेबलाशी एक फुली. हाताशी एक चौकोन. पट्टी लावून काढल्या त्याने खुणा. तीन खुणा. या जगाकडे त्याचं एवढंच मागणं होतं.

त्या दिवशी जेवताना त्याने घात केला. “कुणाला खाली काही पाहिजे असेल तर काढून ठेवा,” असं तो म्हणाला. उठलेल्या पाहुण्याला आपण ‘बसा ना थोडं’ म्हणतो, तसं म्हणाला. पण या घरात पाहुणा कधी उठतच नाही, हे सहा वर्षं डोळ्यांसमोर असूनही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको खाली जाऊन आली. म्हणाली, एवीतेवी भिंत फुटणारच आहे, तर इस्त्रीचा एक प्लग काढून ठेवला. मशीनचा एक. मशीनवर दिवा नको का, म्हणून एक गोल. मग कापड पसरायला टेबल लागणार, त्याच्यावर दोन. ‘एवीतेवी’ हा शब्द त्या दिवसापासून घरात डासासारखा फिरू लागला. मुलगी म्हणाली, एवीतेवी करतोच आहोत तर समोरून चार, मागून दोन आणि पायाशी एक दिवा पाहिजे, नाहीतर पडद्यावर तोंड काळं दिसतं. मेहुण्याने मीटरपट्टी आणली. त्याला पळायचं यंत्र ठेवायचं होतं, अजून घेतलं नव्हतं, पण प्लग आधी पाहिजे. शिवाय छताच्या कडेने लपवलेले दिवे, ज्यांच्यात उजेड दिसतो पण दिवा दिसत नाही. असले दिवे लावून नेमकं काय लपवायचं असतं, हे प्रूफवाचकाने विचारलं नाही.

सासूबाईंनी तर जिन्यापासून सुरुवात केली. पहिल्या पायरीशी चौकोन, शेवटच्या पायरीशी चौकोन, दाराच्या अलीकडे, दाराच्या पलीकडे. नातीच्या खांद्याचा आधार घेत त्या संथपणे काढत गेल्या. “तुम्ही कुठे खाली राहणार आहात,” असं प्रूफवाचकाने नम्रपणे सुचवून पाहिलं.

“पाहुणे आले आणि मला खाली झोपावं लागलं तर?” सासूबाई म्हणाल्या. “संध्याकाळनंतर मला काही दिसत नाही, जावईबापू. चाचपडत पडले तर तुम्हीच धावणार आहात ना?”

सोमवारी तो खाली उतरला तेव्हा चारी भिंतींना गोवर आल्यासारखं दिसत होतं. बायकोने हातात ओलं फडकं दिलं होतं, धूळ पुसून घ्या म्हणून. कोणीही शहाणा माणूस असता तर त्याने त्या फडक्याने अर्धं जग पुसून टाकलं असतं आणि चूक धुळीवर ढकलली असती. पण प्रूफवाचक शहाणा नव्हता, प्रूफवाचक होता. वाचकाने मजकुराला हात लावायचा नसतो. चुकीचं वाटलं तर बाजूला प्रश्नचिन्ह घालायचं, शंका लिहायची, सही करायची आणि कागद पुढे पाठवायचा. निर्णय लिहिणाऱ्याने घ्यायचा. तीस वर्षांत हा नियम त्याच्या हाडांत मुरला होता. त्याने प्रत्येक जास्तीच्या गोलाशेजारी प्रश्नचिन्ह घातलं. ‘कशासाठी?’ ‘आधी आला आहे का?’ ‘इथे दिवा असल्यास दार कसे उघडेल?’ अशा बारीक, सुबक अक्षरात शंका लिहिल्या. मग प्रत्येक भिंतीखाली ‘वाचले’ असं लिहून सही केली आणि तारीख घातली. एकाही शंकेला कोणी उत्तर दिलं नाही. नाही म्हणायला, मेहुण्याने एका प्रश्नचिन्हाखाली ‘हो’ लिहिलं होतं.

मंगळवार ते गुरुवार त्याला छापखान्यात जावंच लागलं. खोली रिकामी करायची होती, तीस वर्षांचे गठ्ठे बांधायचे होते. गुरुवारी दुपारनंतर तो घरी आला, चपला न काढता थेट तळघरात उतरला आणि शेवटच्या पायरीवर थबकला. चारी भिंतींत वायरींसाठी कोरलेल्या नुसत्या झिऱ्याच झिऱ्या. त्यांतून नळ्या धावत होत्या आणि सगळ्या नळ्या जत्रेला निघाल्यासारख्या एकाच कोपऱ्याकडे चालल्या होत्या. त्याच्या कोपऱ्याकडे. तिथे कपाटाएवढी लोखंडी पेटी भिंतीत बसवून वायरमन तिचं दार उघडझाप करून बघत होता.

“इथे माझं टेबल येणार होतं,” प्रूफवाचक म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

“त्रेपन्न पॉइंट आहेत, साहेब. एवढ्यांना मोठी पेटी लागते. मेन वायर इथूनच आत येते, तर पेटी इथेच. हिच्यासमोर दोन पावलं जागा मोकळी ठेवायची, तिथे टेबल, खुर्ची, काही ठेवायचं नाही. नियम आहे.”

“आणि माझा दिवा?”

“तो पेटीच्या मागे गेला.”

“अहो, पण बाकीच्यांवर मी शंका काढल्या होत्या. एकेका गोलाशेजारी लिहून ठेवलं होतं.”

“शंका तुम्ही काढल्या, गोल कोणी पुसले नाहीत,” वायरमन म्हणाला आणि फोनमधले फोटो एकामागून एक सरकवत त्याने चारही सह्या दाखवल्या. “खाली ‘वाचले’ लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?”

अक्षर त्याचंच होतं. इतकं सुरेख की नाकारायची सोय नव्हती.

पुढचा घाव बायकोने घातला, तोही आनंदाच्या बातमीसारखा. या घराला जेवढी वीज मंजूर होती, तेवढ्यात वर आणि खाली दोन्ही चालणार नव्हतं. जास्तीच्या विजेसाठी वीज कार्यालयात अर्ज करायचा, त्याला तीन-चार महिने लागतात. तो छापखान्यात गठ्ठे बांधत असताना घरच्यांनी बसून ठरवलं होतं की तोवर वरची लाइन काढून खाली द्यायची. खालचं सगळं नवीन आहे ना. वर फक्त फ्रिज आणि जिन्यातला दिवा. त्याला विचारायचं होतं, पण त्याचा फोन लागत नव्हता. फोन खिशातच होता आणि चालू होता, पण ते बोलून काय उपयोग.

शनिवारी सगळे खाली गेले. मशीन गेलं, गाद्या गेल्या, टीव्ही गेला. पळायचं यंत्रही आलं, आणि मेहुणा त्याच्यावर टॉवेल वाळत घालू लागला. त्रेपन्न पॉइंट एकदम पेटवले तेव्हा तळघर शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसासारखं पांढरंफटक पडलं. कुणाचीही सावली पडेना. प्रूफवाचकासाठी जिन्याखाली एक स्टूल ठेवलं होतं, तिथे डोकं वाकवून बसावं लागायचं आणि मुलीच्या दर उडीला वरून धूळ पडायची. एक तारखेला तो दहा मिनिटं त्या स्टुलावर बसला. मग कागद काखेत मारून वर आला आणि रिकाम्या घरात उभा राहिला.

आणि त्याला जाणवलं की काहीच ऐकू येत नाहीये. सासूबाईंची खिडकी मोकळी होती आणि खिडकीतून ऊन येत होतं. त्याने टेबल ओढलं, डावा खांदा खिडकीकडे केला आणि वाचायला बसला. सूर्य फुकट होता, त्याला झिरी मारावी लागत नव्हती आणि त्याच्यासाठी कोणाची सही लागत नव्हती. आठ दिवस तो उजाडल्यापासून मावळेपर्यंत वाचत होता. एकही चूक सुटली नाही. त्या आठ दिवसांत त्याने मनातल्या मनात वायरमनला, वीज कार्यालयाला आणि मेहुण्यालासुद्धा क्षमा केली. सुखाने माणूस असा बावळट होतो.

नवव्या दिवशी बायको वर आली. खालच्या उजेडाने डोकं ठणकतंय म्हणाली, आणि हातशिलाई घेऊन त्याच्या समोर बसली. मग मुलगी आली. तिला दोन वर्गांच्या मधे जरा पडायचं होतं, खाली मामा घोरतो. मग मामा आला, कारण खाली एकटं काय करायचं. सासूबाई सगळ्यात शेवटी आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून त्याच्यामागे उभ्या राहिल्या. “इथे किती शांत आहे,” असं मोठ्याने म्हणाल्या. त्यानंतर ते रोजच यायला लागले. त्याला हळूहळू कळत गेलं की यांना उजेड नको होता, जागा नको होती, प्लग तर मुळीच नको होते. तो जिथे गप्प बसेल तिथे येऊन यांना बोलायचं होतं. तो विहिरीत उतरला असता तर यांनी विहिरीत पॉइंट काढून घेतले असते.

त्या महिन्याच्या वीस तारखेला आभाळ भरून आलं. छापखान्याचा शिपाई सहा वाजता प्रूफ न्यायला येणार होता, तातडीचं काम होतं आणि चार वाजताच खिडकीत काळोखी आली. नाइलाजाने प्रूफवाचक कागद घेऊन तळघरात उतरला. सगळे खालीच होते. मुलीचे सात दिवे, बायकोची इस्त्री, मेहुण्याचे लपलेले दिवे, सगळं चालू होतं. त्याला पाहून मेहुण्याला हुरूप आला. टॉवेल काढून तो पहिल्यांदाच त्या यंत्रावर चढला आणि बटण दाबलं. लोखंडी पेटीत काहीतरी खाडकन पडलं आणि तळघर डांबरासारखं काळं झालं, जिन्यातला दिवासुद्धा गेला. मेहुणा खाली पडल्याचा आवाज आला. पेटीतले खटके कितीही वर केले तरी पुन्हा पडत होते. वायरमनने फोनवर सांगितलं की सगळं एकदम लावायचं नसतं, आणि उद्या येतो.

एकमेकांचे हात धरून पाचही जण जिना चढले आणि खिडकीला चिकटले. उजेड होता-नव्हता असा. प्रूफवाचकाने कागद काचेला जवळजवळ टेकवला. लघवी साफ होण्याच्या गोळीचं पत्रक होतं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मेहुणा ढोपर चोळत कण्हत होता, बायको इस्त्री तशीच राहिली म्हणत होती, मुलगी पलीकडच्या बायकांना फोनवर समजावत होती. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. पावणेसहा झाले. त्याने तळाला ‘वाचले’ लिहिलं आणि सही केली.

“असं कसं लिहिलंय हे?” मागून सासूबाई म्हणाल्या. “‘रात्री झोपताना एक गोळी.’ ही तर मी घेते. ही सकाळी घ्यायची असते. रात्री घेतली तर माणूस उजाडेपर्यंत संडासच्या वाऱ्या करतो. मी एकदा चुकून घेतली होती, म्हणून तर चौकोन काढून घेतले ना.”

प्रूफवाचकाने मूळ मजकुराचा कागद ओढला. ‘सकाळी, नाश्त्यानंतर.’ आधीच्या कुठल्यातरी झोपेच्या गोळीची ओळ तशीच इकडे आली होती. तीनदा वाचूनही त्याला ती दिसली नव्हती. हीच ती तिसरी. सहा वाजता शिपाई तिला घेऊन गेला असता आणि आठवड्याभरात गावोगावचे म्हातारे रात्रभर जिने उतरत-चढत बसले असते. त्याने सही खोडली, ओळ दुरुस्त केली, पुन्हा सही केली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तेवढाच काय तो घरात शिल्लक होता.

“तुम्हाला हे दिसलं?” तो म्हणाला. “या उजेडात? हे अक्षर?”

“दिसलं की. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यापासून मला समोरच्या गच्चीवरची मुंगी दिसते.”

“मग संध्याकाळनंतर काही दिसत नाही म्हणत होतात ते?”

“तसं म्हटलं की कोणीतरी सोबत येतं,” सासूबाई म्हणाल्या. शिपाई आला. प्रूफ घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वायरमन खाली पेटी उघडून बसला होता तेव्हा सासूबाई एक जुना डबा घेऊन प्रूफवाचकापाशी आल्या. गेल्या अकरा वर्षांत घेतलेल्या एकूण एक औषधाचं पत्रक त्यांनी त्यात जपून ठेवलं होतं. ते सगळे कागद त्यांनी उजाडताच उठून खिडकीच्या उजेडात वाचून काढले होते आणि पेन्सिलने खुणा केल्या होत्या. इथे एक ओळ गळलीय, इथे मुलांचं मोठ्यांना लागलंय, इथे सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालीय. म्हणजे एवढी वर्षं आपल्याला गुण का येत नव्हता ते त्यांना आज कळलं. एकूण एकोणीस चुका निघाल्या. असल्या आंधळ्या माणसाला नोकरीवर ठेवतं तरी कोण, असं त्या म्हणत होत्या.

प्रूफवाचकाने एक पत्रक उलटून पाहिलं. मग दुसरं पाहिलं. प्रत्येकाच्या तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, त्याच्याच छापखान्याचं नाव होतं. त्याने ते सगळे कागद नीट गोळा केले, घडी घालून स्वतःच्या खिशात अगदी तळाशी घातले आणि सासूबाईंसाठी खिडकीपाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवली.